झांकली मूठ आणि स्मृतिभ्रंश

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत आजारांचीहि एक जातिव्यवस्था आहे. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी हे आजार उजळ माथ्यानें वावरतात. लग्नाच्या पंक्तींत शेजारीं बसलेल्या पाहुण्यास आपल्या रक्तांत साखर किती हें सांगतांना कोणासच संकोच वाटत नाहीं. क्षयाचें नांव एके काळीं दबक्या आवाजांत घेत असत, कर्करोगाचेंहि तसेंच होतें. आज त्यांविषयीं बरेंच उघड बोलतां येतें. परंतु घरांतील कर्त्या पुरुषास किंवा वडीलधाऱ्या बाईस विस्मृतीचा रोग जडला, कीं त्याच घराचीं दारें हळूच लोटून घेतलीं जातात. पाहुण्यांसमोर एकच प्रश्न तीनदां विचारला गेला तर "दादांची रात्रीं झोप झाली नाहीं," बँकेंत सहीचा घोटाळा झाला तर "चष्मा घरीं राहिला," नेहमींच्या वाटेवर चुकामूक झाली तर "हल्लीं रस्तेच किती बदलले आहेत!" अशीं उत्तरें तयार असतात. झांकली मूठ सव्वा लाखाची, हें तत्त्व आम्ही पैशाच्या बाबतींत शिकलों आणि आजाराच्या बाबतींत वापरूं लागलों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ही झांकली मूठ मायेची म्हणून मिरविली जात असली तरी ती अन्यायाची आहे, आणि तो अन्याय एकाच वेळीं दोघांवर होतो. स्मृतिभ्रंशाच्या आरंभीं रोग्यास स्वतःचें मत असतें, आवडनिवड असते, पुढें काय व्हावें व काय होऊं नये हें सांगण्याची शक्ति असते. हा काळ एकदांच येतो, व गेला कीं परत येत नाहीं. आम्ही तो लपवाछपवींत दवडतों. आणि मग ज्याच्या आयुष्याचा प्रश्न, त्याला एकट्याला वगळून इतर सर्वजण त्याचा निकाल लावितात. दुसरा अन्याय त्यास सांभाळणाराच्या वांट्यास येतो. जो आजार घरांत नाहींच असें ठरलें आहे, त्याच्या शुश्रूषेसाठीं मदत तरी कोणाकडे आणि कोणत्या तोंडानें मागावयाची?

ह्या मौनास पहिला आधार आमच्या भाषेनेंच दिला आहे. "साठी बुद्धि नाठी" ही म्हण आणि "म्हातारचळ" हा शब्द हातीं असला म्हणजे डॉक्टरकडे जाण्याचें कारण उरत नाहीं. निदानाचें काम थट्टेवर भागतें. "स्मृतिभ्रंश" हा शब्द प्रतिष्ठित खरा, परंतु त्यालाहि जुना वास आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत विषयांच्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंत जी उतरंड दाखविली आहे, तींत स्मृतिभ्रंश ही क्रोध व संमोह यांच्यानंतरची पायरी आहे. तेथें तो असंयमाचा परिणाम आहे. वैद्यकांतला स्मृतिभ्रंश हा मेंदूचा रोग आहे. नांव एक असलें तरी गोष्टी दोन आहेत. तथापि ज्या समाजाच्या कानांत पहिला अर्थ मुरला आहे, त्याला रोग्याच्या वागण्यांत स्वभावदोष दिसावा व रोग दिसूं नये, ह्यांत नवल नाहीं.

वस्तुतः ह्या बाबतींत अज्ञानाची सबब सांगण्याचा काळ केव्हांच मागें पडला. जर्मन वैद्य आलोइस आल्झायमर यानें १९०१ सालीं फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयांत ऑगस्टे डेटर नांवाच्या ज्या बाईस तपासलें, तिचें वय अवघें ५१ होतें. ती १९०६ सालीं वारली. त्याच वर्षीं आल्झायमरनें ट्यूबिंगेन येथील सभेंत तिच्या मेंदूंत सूक्ष्मदर्शकाखालीं दिसलेलीं पुटें आणि पेशींच्या आंत गुंतलेले तंतु यांचें वर्णन केलें. १९१० सालीं एमिल क्रेपेलिन यानें आपल्या ग्रंथांत ह्या रोगास आल्झायमरचें नांव दिलें. स्मृतिभ्रंशाचे प्रकार अनेक आहेत, त्यांत हा सर्वांत अधिक आढळणारा. भारतांतील साठ व त्याहून अधिक वयाच्या लोकांची पाहणी करून २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानें आपल्या देशांत शेंकडा ७.४ वृद्धांस, म्हणजे अदमासें ८८ लक्ष माणसांस, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला. त्यांतहि प्रमाण पुरुषांपेक्षां स्त्रियांत आणि शहरांपेक्षां खेड्यांत अधिक. वयाबरोबर ह्या रोगाचा धोका वाढतो हें खरें. परंतु म्हातारपण हेंच जर त्याचें पुरेसें कारण असतें, तर साठी उलटलेल्या शंभरांपैकीं शंभरांसहि तो झाला असता. मग उरलेले ब्याण्णव कसे वांचले, ह्याचें उत्तर "वयच झालें" म्हणणारांनीं द्यावें.

घरचे लोक फसतात तें आणखी एका कारणानें. ह्या रोगांत बहुधा प्रथम नवी आठवण सांठविण्याची शक्ति जाते. जुनी तिजोरी पुष्कळ दिवस शाबूत राहते. त्यामुळें १९६१ सालच्या पानशेतच्या पुरांत कोणाचें घर कोठवर बुडालें हें बारीकसारीक तपशिलासह सांगणारे आजोबा आपण आज जेवलों कीं नाहीं हें विचारतात, आणि ऐकणारे म्हणतात, "ह्यांची स्मरणशक्ति तर आमच्याहून चांगली, हें मुद्दाम चाललें आहे!" शिवाय परक्या माणसासमोर थोडा वेळ नेट लावून नीट बोलणें आरंभींच्या रोग्यास साधतें. बॉस्टनहून रविवारीं दहा मिनिटें फोन करणाऱ्या मुलास वडील अगदीं पूर्वींसारखे वाटतात, आणि दिवसाचे उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटें त्यांना पाहणारी सून कागाळखोर ठरते.

आतां आक्षेपांकडे वळूं. "औषध नाहीं, तर नांव तरी कशाला घ्यावयाचें?" हा पहिला आक्षेप व्यवहारी लोकांचा. तो दोन्ही पायांनीं लंगडा आहे. एक तर विस्मृति दिसली म्हणजे ती असाध्यच असली पाहिजे असें नाहीं. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीचें मंदावणें, मनाची खिन्नता, कांहीं औषधांचे दुष्परिणाम, पडल्यानंतर मेंदूच्या आवरणाखालीं सांखळलेलें रक्त, यांनींहि माणूस गोंधळतो. आणि हीं कारणें वेळेवर सांपडलीं तर पुष्कळदां दूर करितां येतात. साध्या रक्ततपासणीनें कळण्याजोगी गोष्ट "म्हातारचळ" म्हणून दडपून ठेवणें ह्यास शहाणपण म्हणावें काय?

दुसरें असें कीं, जो रोग बरा होत नाहीं त्यांतहि करण्यासारखें कांहींच नसतें हा समज चुकीचा आहे. डोनेपेझिलसारखीं औषधें रोग घालवीत नाहींत, परंतु कांहीं रोग्यांचें दैनंदिन जिणें कांहीं काळ सुकर करितात. अमेरिकेंत २०२३ व २०२४ सालीं पूर्ण मान्यता मिळालेलीं लेकानेमॅब व डोनानेमॅब हीं औषधें रोगाचा वेग थोडा मंदावितात. त्यांचा लाभ माफक आहे, मेंदूंत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका आहे आणि खर्च मोठा आहे. म्हणून त्यांची भलामण करण्याचा आमचा हेतु नाहीं. लक्षांत घेण्याजोगें एवढेंच कीं, तीं केवळ आरंभींच्या अवस्थेंत द्यावयाचीं असतात. जें घर तीन वर्षें दार लावून बसलें, त्याला हा विचार करण्याचीहि संधि उरत नाहीं. लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या मंडळानें २०२४ सालीं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या व आटोक्यांत आणतां येण्याजोग्या चौदा कारणांची यादी दिली. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांच्याबरोबर तींत बहिरेपण आणि एकटेपण हींहि आहेत. आमच्याकडे कर्णयंत्र लावण्याचीहि लाज वाटते, आणि लाजेपायीं माणूस बैठकींतून उठून कोपऱ्यांत जाऊन बसतो. एक लाज अशी दुसरीस जन्म देते.

परंतु वैद्यकाहून निकडीचें कारण कायद्याचें आहे. वडील गोंधळूं लागले म्हणजे मुलें त्यांच्याकडून गुपचूप एक मुखत्यारपत्र करून घेतात व निश्चिंत होतात. १८७२ च्या करार कायद्याचें २०१ वें कलम असें कीं, मुखत्यार नेमणारा मनुष्य विकलबुद्धि झाला कीं मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या पावसासाठीं छत्री घेतली, तो पडूं लागतांच ती मिटते. मृत्युपत्र करणाराचें मन ताळ्यावर असलें पाहिजे, ही अट १९२५ च्या वारसा कायद्यांत आहे. पालक नेमण्याची जी सोय १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें केली, ती ज्या व्यंगांसाठीं आहे त्यांत स्मृतिभ्रंशाचें नांव नाहीं. त्यामुळें वेळ टळून गेल्यावर पुष्कळ कुटुंबांस उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें, जो मे २०१८ पासून अमलांत आहे, प्रत्येक सज्ञान माणसास एक मोलाचा अधिकार दिला आहे: पुढें मानसिक आजारानें आपणांस निर्णय घेतां येईनासा झाला तर आपली काळजी कशी घ्यावी, कोणते उपचार करूं नयेत, आणि आपल्या वतीनें कोणीं बोलावें, हें आधींच लिहून ठेवण्याचा. विचारशक्तीबरोबर स्थलकालाचें भान व स्मृति यांचा गंभीर बिघाडहि त्या कायद्याच्या व्याख्येंत धरला आहे. परंतु हें लिहून ठेवण्यास समज शाबूत असावी लागते. कायद्यानें ठेविलेली ही खिडकी आरंभींच्या काळांतच उघडी असते. आणि ती आम्ही, "उगाच कशाला त्यांना त्रास" असें म्हणत, आपल्याच हातानें लावून घेतों.

दुसरा आक्षेप करुणेचा आहे, म्हणून त्याचें उत्तर अधिक आदरानें दिलें पाहिजे. "त्यांना सांगितलें तर ते खचतील," असें आप्त म्हणतात. पण ज्यास सांगावयाचें, त्यास तें पुष्कळदां आधींच ठाऊक असतें. कांहीं रोग्यांस रोगामुळेंच आपल्या चुका कळत नाहींत, हें खरें. परंतु आरंभीं अनेकांस त्या पुरत्या कळतात. खिशांत चिठ्ठ्या वाढूं लागतात. वर्षानुवर्षें चाललेला ब्रिजचा डाव "कंटाळा आला" म्हणून सुटतो. भाजीचा हिशेब चुकूं लागला कीं बाई भाजीस जाणेंच सोडते. ज्याला आम्ही न सांगून वांचवितों असें समजतों, तो त्या भयाशीं एकटाच झुंजत असतो, आणि घरांतलीं सारीं माणसें त्याच्याशीं हवापाण्याच्या गोष्टी बोलत असतात! सांगावयाचें तें डॉक्टरांनीं, सावकाश, त्याला झेपेल व तो विचारील तेवढें सांगावें. एखाद्यानें "मला जाणून घ्यावयाचें नाहीं" असें म्हटलें तर तोहि त्याचा हक्क आहे. न ऐकण्याचा अधिकार त्याचा; त्याच्या वतीनें तो परस्पर वापरण्याचा अधिकार आमचा नव्हे.

ह्याच करुणेचें दुसरें रूप म्हणजे "म्हातारपण हें दुसरें बालपण" हें गोंडस वाक्य. मूल रोज कांहीं मिळवीत असतें. हा मनुष्य रोज कांहीं गमावीत असतो, आणि आपण गमावीत आहों हें त्याला कळत असतें. चाळीस वर्षें गणित शिकविलेल्या मास्तरांस चार पाहुण्यांदेखत "ओळखा पाहूं मी कोण?" असें विचारणें हा खेळ नव्हे, मानहानि आहे. ज्याला अजून शेजारीं बसून सही करितां येते, त्याच्याकडून पासबुक काढून घेऊं नये, शेजारीं बसावें. दिवसाचा क्रम ठरलेला असावा, कपाटांवर चिठ्ठ्या असाव्यात, प्रश्न पुन्हां आला तर उत्तरहि पुन्हां द्यावें. आणि घरासंबंधीं कांहीं ठरवावयाचें असेल तर तें शेजारच्या खोलींत कुजबुजून ठरवूं नये.

आतां दुसऱ्या अन्यायाविषयीं. सुनेच्या, मुलीच्या, किंवा स्वतः सत्तरीला टेकलेल्या बायकोच्या सेवेचें आमच्या समाजांत फार कौतुक होतें. आम्हांस तें कौतुक संशयास्पद वाटतें. त्यागाचें गुणगान करणें ही त्यांतला आपला हिस्सा न उचलण्याची सर्वांत स्वस्त युक्ति आहे. ही सेवा काय असते तें पाहावें. रोगी आपली अंगठी कोठें तरी ठेवितो. ठेविल्याची आठवण उरत नाहीं. आठवणीच्या त्या रिकाम्या जागीं चोरीचा संशय येऊन बसतो, आणि संशय येतो तो दिवसभर जवळ असणारीवर. म्हणजे जी सर्वांत अधिक करिते तीच चोर ठरते. रात्रीं दोन वाजतां उठून तो "कचेरीला जावयाचें आहे" म्हणून दाराची कडी काढतो. ती जागीच असते. तिची नोकरी सुटते, मैत्रिणी सुटतात, भिशी सुटते. आणि कारण विचारलें तर सांगावयाचें नाहीं, कारण मूठ झांकलेली! अशा बाईस "तुझ्यासारखी सून भाग्यानें मिळते" हें वाक्य काय उपयोगाचें? तिला हवी असते रात्रींची पाळी वांटून घेणारी दुसरी जोडी हातांची, पैशाचा ठरलेला हिस्सा, आठवड्यांतून एक मोकळा दिवस, आणि वर्षांतून कांहीं आठवडे दूरच्या मुलानें स्वतः येऊन राहणें. फोनवरून सल्ला देणें म्हणजे हिस्सा उचलणें नव्हे.

बाहेरची मदत किती साधी असूं शकते, ह्याचें प्रात्यक्षिक आमच्या शेजारीं गोव्यांतच झालें आहे. तिसवाडी व बार्देस ह्या तालुक्यांतील ८१ कुटुंबांच्या साहाय्यानें डॉ. अमित डायस व त्यांचे सहकारी यांनीं केलेला प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यासाठीं कोणतें मोठें रुग्णालय बांधावें लागलें नाहीं. उच्च माध्यमिक शिक्षण झालेल्या स्थानिक माणसांस आठवडाभर शिकवून तयार केलें. त्यांच्या पाठीशीं समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ होते. हे कार्यकर्ते पंधरवड्यांतून निदान एकदां घरीं जात, रोग म्हणजे काय तें समजावीत, रोग्याचें अवघड वागणें कसें हाताळावें हें दाखवीत, आणि सांभाळणाराचें म्हणणें ऐकून घेत. निम्म्या कुटुंबांस ही मदत लगेच व उरलेल्यांस सहा महिन्यांनंतर, अशी वांटणी करून तुलना केली. सहा महिन्यांनीं मदत मिळालेल्या घरांतील सांभाळणारांचें मनःस्वास्थ्य स्पष्टपणें सुधारलेलें आढळलें. रोग्याच्या स्थितींत मात्र तितका निश्चित फरक दिसला नाहीं. हें आम्ही मुद्दाम नमूद करितों, कारण अतिशयोक्तीनें चांगल्या कार्याचें नुकसानच होतें. रोग हटला नाहीं, तरी त्याच्याशीं झगडणाऱ्या माणसाचा श्वास मोकळा झाला. बारावी शिकलेला शेजारी जें करूं शकतो, तें आमच्या गांवोगांवच्या ज्येष्ठ नागरिक संघांस व महिला मंडळांस अशक्य कां असावें? आज त्या संघांत एखादा सभासद तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगूं लागला कीं लोक खुर्च्या सरकवितात. तिसऱ्या महिन्यांत तो येईनासा होतो, आणि कोणी विचारावयास जात नाहीं.

"हें सारें पाश्चात्त्य खूळ; आमचें एकत्र कुटुंब असें कांहीं मागत नव्हतें," असा शेवटचा आक्षेप येईलच. एकत्र कुटुंबाचें आम्ही जें चित्र रंगवितों, त्यांत माजघरापलीकडची ती अंधारी खोली काढावयाची राहून जाते. शिवाय स्वातंत्र्याच्या वेळीं भारतीयांचें सरासरी आयुर्मान पस्तिशीच्याहि खालीं होतें. आज तें सत्तरीच्या घरांत आहे. पूर्वीं ह्या रोगाच्या वयास पोहोंचणारे थोडे आणि सांभाळणारे हात पुष्कळ. आज हिशेब उलटला आहे. २००७ च्या कायद्यानें आईबापांस पोसण्याची जबाबदारी मुलांवर टाकिली, हें योग्यच झालें; परंतु पोटगी वसूल करणारा कायदा रात्रीं दार उघडणाऱ्या वृद्धास समजावून परत कसें आणावें हें शिकवीत नाहीं. वृद्धांच्या आरोग्यासाठीं २०१०-११ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयांत त्याखालीं स्मृतीची तपासणी होते काय, हें विचारणारे नागरिक किती निघतील? १९९२ सालीं केरळांत स्थापन झालेली आल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया हें काम तीन दशकांहून अधिक काळ करीत आहे. परंतु संस्था दारापर्यंत येऊं शकते, कडी आंतूनच काढावी लागते. जें दुःख आपलें म्हणून कोणी उघड सांगत नाहीं, त्यासाठीं अंदाजपत्रकांत रक्कम मागणार तरी कोण?

वाङ्मय व कला यांचें ऋण येथें मान्य केलें पाहिजे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या "अस्तु" (२०१३) ह्या मराठी चित्रपटांत मोहन आगाशे यांनीं साकारलेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागें चालत जातात आणि माहुताच्या कुटुंबांत आसरा पावतात. माहुताची बायको त्यांची विद्वत्ता जाणत नाहीं, म्हणून ती गेल्याचा शोकहि करीत नाहीं; समोर भुकेला बसलेल्या माणसास ती जेवूं घालते. ह्या भूमिकेसाठीं अमृता सुभाष यांस राष्ट्रीय पारितोषिक मिळालें, तें यथार्थ होतें. परंतु त्या बाईचीहि आम्ही देवी करून टाकली तर पुन्हां तोच घात होईल. तिच्याकडून शिकावयाचें तें एवढेंच कीं, गेलेल्या माणसाची प्रतिष्ठा राखण्याच्या भरांत आहे त्या माणसास उपाशी ठेवूं नये.

वाचकांस विनंति इतकीच. आपल्या घरांत कोणी नव्या गोष्टी वारंवार विसरूं लागलें, सरावाच्या कामांत अडूं लागलें, तर सहा महिने वाट पाहूं नये. त्यास विश्वासांत घेऊन डॉक्टरकडे न्यावें. निदान झालें तर घरच्या सर्वांनीं, दूरच्या मुलासह, एकत्र बसावें, आणि त्या बैठकींत त्याला मधोमध बसवावें. त्याला काय हवें तें विचारावें, लिहून घ्यावें, कायद्याचे कागद करावेत. त्याच बैठकींत दिवस, रात्री व पैसा यांची वांटणी ठरवावी. मग शेजाऱ्यास, वाण्यास व संघाच्या चिटणीसास साध्या शब्दांत सांगावें कीं, आमच्या घरांत असा आजार आहे, वाट चुकलेले दिसले तर हात धरून घरीं पोहोंचवा. मुठीची किंमत सव्वा लाख राहिली कीं उतरली, ह्याचा हिशेब मागाहून करतां येईल. तूर्त तींत कोंडलेल्या दोन माणसांस मोकळें करणें आधीं आहे.